ठमाबाईनं धुतलेली जमीन

फार वर्षांपूर्वी, या डोंगरातल्या वाटांना अजून नावं पडायची होती, तेव्हाही घाटमाथ्यावर मोरघळ नावाचं गाव होतं. त्या गावात ठमाबाई नावाची बाई घोंगड्या विणायची. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं, आणि जीभ अशी की तिच्या दारावरून जाताना कुत्रंसुद्धा शेपूट सांभाळून जाई. पण तिनं विणलेली घोंगडी डोक्यावर घेतली की माणूस मुसळधार पावसातून कोरडा घरी पोचायचा. पाणी त्या घोंगडीवर ठरतच नसे, असं म्हणतात.

यात जादू नव्हती. मेंढीच्या लोकरीला अंगचं तेल असतं. त्या तेलामुळं लोकर पाणी घेत नाही, आणि पाणी घेतल्याशिवाय तिचा मळ सुटत नाही. म्हणून ठमाबाई रिठे भिजवायची, कुटायची, दगडी डोणीत घुसळून फेस काढायची आणि त्यात लोकर बुडवायची. सगळं तेल मात्र ती जाऊ देत नसे, थोडं राखायची. किती राखायचं हे तिच्या बोटांना कळत असे. तिच्या परसात रिठ्याचं जुनं झाड होतं आणि घरात रिठ्यांनी भरलेली कणगी होती.

मोरघळात पीक भाताचं. भाताची रोपं ज्या तुकड्यात करतात तो आधी भाजतात. शेण, पालापाचोळा, वाळकं गवत पसरायचं, वर मूठमूठ माती टाकायची आणि पेटवायचं. याला राब म्हणतात. भाजलेल्या मातीत तण कमी येतं आणि रोप जोमानं वर येतं, हे सगळ्या घाटाला ठाऊक आहे. पण एका वर्षी तिथल्या कोंडाजी पाटलाच्या मनात आलं, एकदा भाजून एवढं येतं, तर पुन्हा भाजल्यावर किती येईल? पाटील भाजतो म्हटल्यावर गावानंही भाजलं, आणि शेजाऱ्यापेक्षा आपला राब कमी नको म्हणून जो तो भाजतच राहिला. रानातल्या चीक येणाऱ्या झाडांच्या ओल्या फांद्यासुद्धा तोडून आणल्या. राब इतके धुमसले की गाव जळालं समजून समोरच्या डोंगरावरची माणसं सांत्वनाला निघाली होती, असं म्हणतात.

ठमाबाई तेवढी पाटलाला म्हणाली, "आता पुरं कर, कोंडाजी. माती हाय ती, भाकर न्हाय." पाटलाला ते लागलं. अति तिथं माती ही म्हण गावात लहान पोरालाही पाठ होती, पण पाठ असलेल्या गोष्टींचा उपयोग माणूस सहसा करत नाही.

पेरणी झाली. पाऊस आला, आणि पाणी शेतात शिरेना. ते मातीवर पडायचं, त्याचे मणी व्हायचे आणि मणी उतारावरून घरंगळत ओढ्याला जायचे. बोट खुपसलं की खाली कोरडी धूळ. बायकांनी घागरी आणून ओतल्या, त्याही तशाच वाहून गेल्या. गावाचं सारं बियाणं त्या धुळीत पडलं होतं. रोप आलं नाही तर भात नाही, आणि भात नाही तर गाव मोडून घाटाखाली दुसऱ्याच्या दारात राबायला जायचं, हे प्रत्येकाला दिसत होतं.

अशा वेळी माणसाला कारण लागत नाही, माणूस लागतो. देवळाचा राणू गुरव पारावर म्हणाला, "पानी असं घरंगळताना म्या येकाच ठिकानी बगितलंय. ठमाबायच्या घोंगडीवर." झालं. ठमाबाईनं रागानं जमिनीवर घोंगडी घातली, असं ठरलं. आधी बोललीच होती ना, मग केलंही तिनंच.

पाटील चार माणसं घेऊन तिच्या दारात गेला. "ठमाबाय, तू आमच्या जमिनीवर घोंगडी घातलीस. गाव सोड."

ठमाबाई मागावरून उठली नाही. म्हणाली, "तुझी घोंगडी विनाया मला आख्खा पावसाळा लागला, कोंडाजी. डोंगराची कवा विनली आसंल?"

कुणी हसलं नाही. तेव्हा तिला कळलं की हे खरंच आपल्याला घालवायला आलेत. तिनं माग सोडला, बोचकं बांधलं आणि निघाली. वाट पाटलाच्या राबावरूनच जात होती. तिथं तिनं पाण्याचे मणी पाहिले. ती खाली बसली आणि माती चिमटीत धरून चोळली. न धुतलेली लोकर हाताला लागते तशीच ती माती लागत होती; जाळलेल्या फांद्यांचा चीक तेलासारखा तिला बसला होता.

तिला फार राग आला होता आणि तो रास्त होता. गप निघून गेली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्या मातीत बियाणं होतं आणि त्यानं कुणाला गाव सोडायला सांगितलं नव्हतं. ती उठली आणि मागोमाग आलेल्या पाटलाला म्हणाली, "घोंगडीच हाय म्हनतोस न्हवं? मग धुते. घोंगडी धुवाया मला येतं."

त्या रात्री तिनं रिठे भिजवले, सकाळी कुटले, बिया काढल्या आणि डोणीत घुसळले. त्या पाण्यात भरपूर साधं पाणी घालून तिनं ते लिंबाच्या डहाळीनं राबावर शिंपडायला घेतलं.

"रिठ्यानं बी मरंल," पाटील म्हणाला.

"आजवर तुमच्या बायकांचे क्येस मेले का? झाडाचं फळ हाय. काम झालं की माती त्येला खाऊन टाकती."

मग तिनं घागर ओतली. पाण्याचे मणी झाले. जरा थरथरले. मग पसरले, आणि दिसेनासे झाले. पाटलानं बोट खुपसलं तर पेरापर्यंत चिखल आला. तो चिखल त्यानं कपाळाला लावला, असं म्हणतात.

ठमाबाईची कणगी गावाला पुरणारी नव्हती. पण ती उपसली तरी रिती होईना, असं म्हणतात. मला वाटतं, बायकांनी न्हाण्यासाठी ठेवलेले रिठे घराघरातून आणून तीत ओतले असावेत, कारण त्या वर्षी मोरघळातल्या बायकांचे केस दिवाळीपर्यंत तेलकट होते, असंही म्हणतात. सगळा उतार फेसानं पांढरा झाला आणि ढग आपल्यातलंच कुणी समजून खाली उतरले. मध्येच फेस ओढ्यात गेला, मासे उलटे झाले, तेव्हा ठमाबाईनं सगळ्यांना झाडलं आणि ओढ्याच्या कडेनं मातीचे बांध घालायला लावले. पुढं रोपं आली, आणि त्या वर्षीसारखा भात मग कधी झाला नाही.

रोपं दिसली त्या दिवशी पाटील ओढा ओलांडून गेला. काम उरकताच गाव सोडून पलीकडं ठमाबाईनं झोपडं घातलं होतं. तो म्हणाला, "ठमाबाय, चुकलं. घरी चल."

ती म्हणाली, "आज न्हाय. पुढच्या वर्सी इचार."

पुढच्या वर्षी त्यानं विचारलं, तिनं तेच सांगितलं. तो म्हातारा होईपर्यंत विचारत राहिला. ती फेसात बसून ढगात गेली, असं म्हणतात. मला विचाराल तर ती म्हातारी होऊन गेली, जशी माणसं जातात, आणि ओढ्याच्या पलीकडंच गेली.

मोरघळात आजही राब एकदाच भाजतात. पेरणीआधी रिठ्याचं पाणी करून सगळे ओढ्यापासून लांब, वरच्या बांधावर जमतात. गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस ओढ्याकडं तोंड करून म्हणतं, "ठमाबाय, चुकलं. घरी चल." मग सगळे ओढ्यापलीकडं बघतात. पलीकडून कुणी येत नाही. "बरं, पुढच्या वर्सी," असं म्हणून ते माणूस पहिला तांब्या मातीवर ओततं, आणि पाणी मुरेपर्यंत कुणी जागचं हलत नाही.