काचेवरचा अंगठा

एकदा एका तरुणाला अचूकपणाचे वेड लागले. तो संगणकावर जुन्या लढाऊ विमानांचा खेळ तयार करीत होता, आणि त्याचा सारा जीव अडकला होता नेम धरण्याच्या काचेत. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर ती तिरपी काच असे. खालच्या दिव्याने तिच्यावर प्रकाशाचे कडे उमटे. शत्रूचे विमान त्या कड्यात धरून चाप ओढायचा.

हे ज्ञान त्याला एका वृद्धाकडून मिळाले. उमेदीची सारी वर्षे त्यांनी हवाई दलात याच काचा बसवण्यात घालवली होती. कड्याची जाडी किती, उजेड पिवळा की नारिंगी, असे विचारून तरुणाने त्यांना दोन वर्षे भंडावून सोडले. आता खेळ तयार होता; फक्त त्यांच्या तोंडून ‘बरोबर’ हा एक शब्द हवा होता. त्यावाचून तो लोकांपुढे न्यायचा नाही, असा त्याचा पण होता.

वृद्धाने पडद्याकडे बराच वेळ पाहिले. मग स्वतःच्या घामट कपाळावरून अंगठा फिरवला आणि कड्याच्या मधोमध दाबला.

“काका, अहो हे काय!” तरुणाने घाईघाईने रुमालाने डाग पुसला. वृद्धाने पुन्हा अंगठा टेकवला.

“आता झालं बरोबर.”

तरुणाला रडूच यायचे बाकी होते. “चुकलं असेल तर सांगा ना. थट्टा कशाला करता?”

“थट्टा नाही रे. उड्डाणाआधी काच पुसायचं काम माझं होतं. एका सकाळी तिला अंगठा लागला. डाग मला दिसला. पण तेवढ्यात चहा आला. म्हटलं, एवढ्याशा डागानं काय होतंय? विमान उगवत्या सूर्याकडे गेलं. समोरून ऊन आलं की तसा डाग पेटतो, कडं दिसेनासं होतं. रेडिओवर वैमानिकाचा आवाज आला, ‘काच पुसली नाहीस का रे?’ रागावला नव्हता तो. नुसतं विचारलंन.”

“मग?”

“परत आला नाही. तू कडं केसाइतकं अचूक काढलंस, बाळा. पण ती काच रोज कुणीतरी पुसायची असते, हे तुझ्या खेळात कुठंच नाही.”

तरुणाने रुमाल खिशात ठेवला.

खेळ लोकांपुढे आला. त्यात क्वचित एखाद्या सकाळच्या उड्डाणात काचेवर अंगठ्याचा ठसा असतो. तो उडताना पुसायची सोय का नाही, अशी खेळणारे तक्रार करतात. तरुणाने ती सोय अजून दिलेली नाही.

चहा निवला तर पुन्हा तापवता येतो.