मधुस्वन गंधर्वाचे जयसत्र

कृतयुगाची अखेर जवळ आली होती. देव अजून अधूनमधून पृथ्वीवर उतरत आणि नद्या मनुष्यवाणीने बोलत, त्या काळी नीलकूट पर्वताच्या पायथ्याशी शालिवर्त नावाचे एक समृद्ध राज्य होते. नीलकूटाच्या माथ्यावर उगम पावून एका अरुंद घळीतून गर्जत खाली उतरणारी, शालिवर्ताच्या भातखाचरांना आपल्या तांबूस जलाने न्हाऊ घालणारी शोणवती नदी हे त्या राज्याचे सर्वस्व होते. तेथील राजा रुचिवर्मा शूर होता, उदार होता. मात्र कोणी आपली स्तुती करू लागले की त्याचे भान हरपे. त्याची राणी कुमुद्वती मितभाषिणी, पण एखादी गोष्ट कळली नाही तर कळेपर्यंत विचारत राहण्याची तिला माहेरापासूनची खोड होती.

त्याच राज्यात, आम्रवनाच्या शीतल छायेत मधुस्वन नावाच्या गंधर्वाने आश्रम थाटला होता. पूर्वी तो इंद्रसभेत देवांची स्तोत्रे गात असे. पण देव स्तुतीला सरावलेले. कोणी ऐकता ऐकता जांभया देई, कोणी मध्येच उठून जाई. असा खिन्न होऊन तो एकदा भूलोकी हिंडत असता वाटेत एक थकलेला फळविक्या भेटला. मधुस्वन सहज त्याला म्हणाला, “बाबा रे, तू सामान्य नाहीस. तुझ्यात इंद्राचे तेज आहे!” त्या माणसाचा चेहरा असा काही उजळला की त्याने फळांची सारी टोपली गंधर्वाच्या पायांशी रिकामी केली. मनुष्यांना देवांच्या स्तुतीपेक्षा स्वतःची स्तुती अधिक गोड लागते, हे त्या दिवशी मधुस्वनाला कळले आणि त्याला आपला मार्ग सापडला.

रोज प्रातःकाळी आश्रमात जयसत्र भरे. शंख वाजत, पताका फडफडत, मधुस्वन आपल्या मधुर कंठाने गाई आणि कमलांच्या तळ्याकाठी सहस्रावधी स्त्रीपुरुष हात उंचावून गर्जत, “मी अजिंक्य आहे! जे इच्छिले ते झालेच आहे!” पहिली दीक्षा विनामूल्य मिळे. दुसऱ्या दीक्षेस गोदान करावे लागे, आणि ती घेणाऱ्याला धगधगत्या निखाऱ्यांवरून चालवीत. तिसरीला सुवर्ण लागे. ती घेणाऱ्यास पुढच्या रांगेत बसता येई आणि चौथ्या दीक्षेविषयी ऐकता येई. सत्र आटोपून माणसे घरी जात तेव्हा त्यांची छाती भरून आलेली असे. सायंकाळपर्यंत ती ओसरे, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरून घेण्यास सगळे हजर होत.

अशात एका ग्रीष्मात धरणीकंप झाला. नीलकूटाचे एक शिखर ढासळून नेमके घळीच्या तोंडाशी येऊन बसले आणि शोणवतीचा प्रवाह थांबला. पात्रात वाळू उघडी पडली, मासे तडफडले, खाचरांना भेगा पडल्या. मंत्री म्हणाले, “महाराज, घळीपर्यंत जाऊन तो पाषाण पाहू या. हत्ती आहेत, पहारी आहेत, काही उपाय निघेल.” पण राजा रथ जोडून गेला तो थेट आम्रवनात.

मधुस्वनाने डोळे मिटले आणि गंभीर स्वरात म्हटले, “राजन्, नदी आटलेली नाही. आटली आहे ती तुझ्या प्रजेची श्रद्धा! सर्वांना सत्रास आण. नदी वाहतेच आहे असे एकमुखाने म्हणा, आणि ती वाहील.”

झाले! कुदळी-फावडी कोपऱ्यात पडली आणि अवघे शालिवर्त कोरड्या घशाने गर्जू लागले.

त्याच सुमारास तरला नावाची एक तरुण विधवा राणीच्या भेटीस आली. तिचा पती नावाडी होता. तो तापाने फणफणला तेव्हा वैद्याचा काढा बंद करून ‘मी निरोगी आहे’ असा जप करण्याची आज्ञा त्याला मधुस्वनाने केली होती. जप करता करताच तो गेला.

“देवी, त्यांना मी मारले,” तरला म्हणाली. “मी गुरुदेवांना विचारले, आमचे काय चुकले? ते म्हणाले, पत्नीच्या मनात शंकेचा कण राहिला असणार. आणि तो होता, देवी. त्यांचे कपाळ भाजत होते आणि मला भीती वाटली होती.”

कुमुद्वतीने तिला जवळ ओढले. “वेडे, ताप तुझ्या भीतीने चढला नव्हता. ज्याच्यावर जीव असतो त्याच्यासाठी भीती वाटतेच. तो दोष नव्हे, ते प्रेम आहे.”

दुसऱ्या दिवशी राणी स्वतः जयसत्रास गेली आणि भर सभेत उभी राहिली.

“गंधर्वश्रेष्ठा, एक शंका आहे. ज्याचा मनोरथ सफल होतो, तो कशाने होतो?”

“माझ्या मंत्राने, महाराणी.”

“आणि ज्याचा होत नाही?”

“त्याच्या अश्रद्धेने.”

“म्हणजे यश तेवढे तुझे आणि अपयश तेवढे त्यांचे! गंधर्वा, इतके सुरक्षित आसन स्वर्गात इंद्रालाही लाभलेले नाही.”

सभेत कुजबुज झाली. मधुस्वनाच्या मुखावरचे स्मित मात्र ढळले नाही. त्याने दोन्ही हात आकाशाकडे उचलले. “ऐकलेत, प्रजाजनहो? नदी का वाहत नाही याचे उत्तर तुमच्यासमोर उभे आहे! राजगृहातच शंका नांदते आहे!”

सहस्र रागीट डोळे राणीकडे वळले. राजा लाजेने लाल झाला. “देवी,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “आपण यापुढे येथे येऊ नये.” त्या रात्री राणी अन्नाला शिवली नाही, आणि त्या दिवसापासून पतीशी बोललीही नाही.

प्रजेची अधीरता वाढत चालली, तसा मधुस्वनाने राजाला नवा आदेश दिला. “सैन्य घेऊन घळीकडे जा. तेथे जो आडवा येईल तोच तुझा शत्रू. रणात पाऊल ठेवण्यापूर्वीच विजय तुझा झालेला आहे!” रणभेरी वाजल्या. राणीही तरलेला सोबत घेऊन रथात बसली. राजाने एकवार तिच्याकडे पाहिले, पण तिला परत पाठवण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

घळीच्या वरच्या अंगाला कुंभदंष्ट्र नावाच्या असुराचे राज्य होते. अडलेले पाणी तुंबून त्याच्या प्रजेच्या गुहा बुडाल्या होत्या. असुरस्त्रिया मुलाबाळांना खांद्यावर घेऊन झाडांवर राहत होत्या. तोही मार्गदर्शन शोधत होता, आणि मधुस्वनाला आकाशमार्ग मोकळा होता. सकाळचे सत्र खाली आटोपून तो सायंकाळचे वर घेई. कुंभदंष्ट्रालाही त्याने सांगितले होते, “घळीपाशी जो आडवा येईल तोच तुझा शत्रू.”

अशा रीतीने त्या प्रचंड पाषाणाच्या दोन्ही बाजूंनी दोन सैन्ये वर चढली. एकीकडे सुवर्णकवच ल्यालेला रुचिवर्मा, दुसरीकडे ताडवृक्षाएवढी गदा पेलणारा, मेघश्याम, विक्राळ कुंभदंष्ट्र. राजाने खड्ग उपसून गर्जना केली, “मी अजिंक्य आहे! विजय माझा झालाच आहे!”

त्याच क्षणी असुरही गरजला, “मी अजिंक्य आहे! विजय माझा झालाच आहे!”

दोघेही थबकले.

“अरे राजा,” असुर गुरगुरला, “माझा मंत्र तू कोठून चोरलास?”

“तुझा? विजयाचा हा मंत्र मला माझ्या गुरूंनी कानात दिला आहे! तिसऱ्या दीक्षेच्या वेळी!”

असुराने गदा खाली टेकवली. त्याने डावा पाय उचलला. तळव्यावर मोठमोठे फोड होते. “मग तूही निखाऱ्यांवरून चाललास?”

राजाचा चेहरा उतरला. त्याने हळूच पादत्राण काढून आपला तळवा दाखवला. तेथेही तसेच फोड होते.

सर्वांत आधी हसली ती कुमुद्वती. इतक्या दिवसांचे तिचे मौन त्या हसण्याने फुटले. मग तरला हसली, पती गेल्यापासून प्रथमच. मग माहूत, धनुर्धर, असुर, सारे हसू लागले, आणि पाषाणाच्या दोन्ही बाजूंनी हास्याचा असा कल्लोळ उसळला की घळीतले घुबड भरदिवसा उडाले.

“दोघेही अजिंक्य असाल तर हरायचे कोणी?” राणी पाषाणाकडे बोट दाखवून म्हणाली. “मला तर येथे एकच विजयी वीर दिसतो. तो इतके दिवस घळीत ठाण मांडून बसला आहे, आणि त्याने एकही दीक्षा घेतलेली नाही!”

राजा रथाजवळ आला. “कुमुद्वती, मी भर सभेत तुझा अपमान केला.”

“केलात, आर्यपुत्र. क्षमेचे नंतर पाहू. आधी हत्तींवरचे दोर उतरवायला सांगा.”

मग कामाला आरंभ झाला. पहिल्या ओढीत हत्तींचे दोर तुटले. कुंभदंष्ट्र सवयीने “मी अजिंक्य आहे!” असे ओरडून पाषाणाला भिडला आणि चिखलात सपशेल आडवा झाला, त्याची स्वतःची सेना पोट धरून हसली, आणि तोही हसला. शेवटी पाषाणाच्या बुडाची माती मनुष्यांनी कुदळींनी पोखरायची, आणि असुरांनी वरून शालवृक्षांच्या खोडांनी रेटायचे असे ठरले. हात सोलवटले, खांदे भरून आले. तरला वरच्या पाण्याच्या घागरी आणून मनुष्यांना पाजी, असुरांनाही पाजी. आणि एके दिवशी मध्यान्ही तो महापाषाण कुरकुरला, कलला, आणि गडगडाट करीत घळीबाहेरच्या दरीत कोसळला. त्यामागून फेसाळत, नाचत, हर्षनाद करीत शोणवती बाहेर पडली!

लोक पाण्यात नाचत असतानाच आकाशातून शंखनाद करीत मधुस्वन उतरला. “पाहिलेत?” तो आनंदाने ओरडला. “पाहिलेत माझ्या मंत्राचे सामर्थ्य?”

यावर जो हशा पिकला त्याला सीमा नव्हती. तेवढ्यात प्रवाहातून ताम्रवर्ण वस्त्रे नेसलेली, मोकळ्या केसांतून जलबिंदू निथळणारी नदीदेवता प्रकटली, आणि सारे शांत झाले.

“मधुस्वना,” शोणवती म्हणाली, “तुझ्या कंठात अमृत आहे. खचलेल्यांना तू उभे केलेस, तेवढे पुण्य तुझे. पण उभे केलेल्यांना तू चालू दिले नाहीस. पुन्हा पुन्हा आपल्याच दारी आणून बसवलेस. आणि जो कोसळला, त्याचे दुःख कमी होते म्हणून की काय, त्याच्या माथी दोषही मारलास! म्हणून तू पक्षी होशील. दुसऱ्यांच्या कष्टांवर जगलास. तुला स्वतःचे घरटे बांधता येणार नाही, परक्यांच्या घरट्यात वाढशील. आणि तुझी वाणी—”

“आई, थांबा!” तरला हात जोडून पुढे आली. “त्याचा आवाज काढून घेऊ नका. माझे पती शेवटच्या दिवशी त्याचे गाणे ऐकून हसले होते. गाणे खोटे नव्हते. सांगणे खोटे होते.”

मधुस्वनाने खाली मान घातली. आजवर त्याने असंख्य माणसांना रडता रडता हसवले होते. आज प्रथमच त्याच्या डोळ्यांना पाणी आले.

नदीने तरलेकडे पाहून स्मित केले. “तुझ्यासाठी हा उःशाप देते. गंधर्वा, तुझा स्वर राहील. पण कोणालाही ‘तू थोर आहेस, अजिंक्य आहेस’ असे तुला सांगता येणार नाही. तुझ्या मुखी दोनच शब्द राहतील, आणि मेघ दाटून येतील, भूमी तयार असेल, तेव्हाच तू ते बोलशील. ते शब्द खरे असतील, म्हणून लोक तुझ्यावर प्रेम करतील.”

पाहता पाहता गंधर्वाचा मुकुट गळला, अंगावर राखाडी पिसे फुटली, आणि तो पक्षी उडून घळीकाठच्या पळसावर जाऊन बसला. नीलकूटावर काळे मेघ गोळा होत होते. त्याने मान उंच करून त्याच मधुर कंठाने साद घातली, “पेरते व्हा! पेरते व्हा!”

रुचिवर्म्याने कुमुद्वतीकडे पाहिले. ती पदर खोचून खाचराकडे निघालीही होती. राजा मागोमाग गेला, आणि कुंभदंष्ट्राने भाताच्या बियाण्याची पोती खांद्यावर घेतली.

त्याच गंधर्वाला लोक पावशा म्हणतात. आजही ज्येष्ठ संपता संपता, आकाश भरून आले की तो कोठल्याशा झाडावरून हाक देतो. त्याच्या झाडाखाली कोणी हात उंचावून सत्र भरवीत नाही, दीक्षा मागत नाही. ऐकणारा क्षणभर मान वर करतो, हसतो, आणि तिफण जुंपून रानाकडे निघतो.