आवडा तारीण आणि सातूबेटाची देवी

खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायला एकच होडी होती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. ती होडी आवडा तारीण चालवायची. माणसानं होडीत पाय ठेवायच्या आधीच ती त्याचं वजन ओळखायची, असं म्हणतात.

एका श्रावणात नदीला असा पूर आला की खाडीतल्या सातूबेटाची माती कडेकडेनं ढासळू लागली. आवडानं सकाळपासून फेऱ्या मारून लेकरं आणि म्हातारीकोतारी पलीकडे पोचवली. दुपारी शेवटची खेप उरली, तेव्हा बेटावरच्या देवीच्या देवळाची भिंत पाण्यात गेली.

उरलेली माणसं घाईनं होडीत बसली. आवडानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"पाणी गोडं झालंय," ती म्हणाली. "खारं पाणी होडीला उचलून धरतं, गोडं तेवढं धरत नाही. माणसं नेहमीएवढीच आहेत, तरी होडी बोटभर खाली बसलीय. जड ते सगळं उतरवा."

दळायची जाती उतरली, तांब्याचे हंडे उतरले. मग जाळ्यांना बांधायचे सुके भोपळे आणून आवडानं ते होडीच्या कडांना बाहेरून आवळले. होडी जराशी वर आली.

तेवढ्यात बुधाजी गुरव देवीला घोंगडीवर ठेवून ओढत आला. देवी घागरीएवढीच, पण भरीव पितळेची. म्हातारा घामानं निथळत होता.

"काका, तुम्ही या," आवडा म्हणाली. "देवी होडीत नको."

"अगो आवडे, भोपळे घेतेस आणि माझी आई टाकतेस?"

"भोपळा घागरीएवढा, देवीही घागरीएवढी. दोघांना जागा सारखीच लागते. पण भोपळा पोकळ, म्हणून पाणी त्याला वर ढकलतं. देवी तेवढ्याच जागेत एका धट्ट्याकट्ट्या गड्याचं वजन घेऊन बसलीय. आज तेवढं वजन होडीला पेलायचं नाही."

"मग मीही इथंच," म्हणून बुधाजी चिखलात बसला.

त्याच्यामागं जमिनीला भेग पडली. होडीतली माणसं ओरडू लागली, "आवडे, होडी सोड!" आवडानं होडी सोडली नाही. तिनं निम्मे भोपळे काढले आणि देवीभोवती घट्ट बांधले.

"एकटी देवी बुडेल," ती म्हणाली. "भोपळ्यांसंगं तिची जागा मोठी झाली, वजन मात्र जवळजवळ तेवढंच राहिलं. आता तरंगेल. चला, उठा."

तिनं देवीला पाण्यात ढकललं. बुधाजीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा देवी पाण्यावर निजल्यासारखी डुलत होती. आवडानं तिचा दोर होडीच्या मागच्या टोकाला बांधला आणि म्हाताऱ्याला वर ओढून घेतलं.

होडीची कड आता पाण्याच्या जेमतेम वर होती. कुणी खोकलंसुद्धा नाही.

खाडीच्या मध्यावर पोचल्या, तोच नदीकडून एक अख्खा वड वाहत आला. त्याच्या पारंब्यांत देवी अडकली. दोर ताणला, होडीचं मागचं टोक खाली गेलं आणि पाणी आत घुसलं. आवडाला वल्हं सोडता येईना. तिनं नुसतं बुधाजीकडं पाहिलं.

बुधाजीनं कमरेची कोयती काढली. "आई, जा," म्हणाला, आणि दोर कापला.

होडी उसळून सरळ झाली. वड देवीला घेऊन समुद्राकडं वळला. देवी फांद्यांमध्ये उठून बसली होती, असं म्हणतात. आणि जिथं खारं पाणी सुरू झालं, तिथं ती बोटभर आणखी वर आली, असंही म्हणतात.

माणसं सगळी वाचली. पलीकडच्या काठावर नवं देऊळ झालं, पण चौथरा रिकामाच राहिला. बुधाजी रोज तिथं दिवा लावायचा आणि विचारणाऱ्याला सांगायचा, "दोर मी कापला." शेजारी आवडा असली तर म्हणायची, "आणि बांधला मी होता."

आता वरच्या अंगाला पूल झालाय. तरी त्या धक्क्यावरून होडी अजून सुटते. होडीत वजन जास्त झालं की तारी एखाद्या वस्तूवर हात ठेवतो आणि म्हणतो, "आवडाची आण." मग ती वस्तू कुणाचीही असो, वाद होत नाही. गेल्या वैशाखात एका नवरीच्या पितळी समयांवर त्याचा हात पडला. तिच्या सासरची माणसं काही बोलणार, तोच नवरीनं शालू खोचला आणि समया स्वतः उचलून धक्क्यावर ठेवल्या.