पलीकडं तोंड करून बसायचा बार

लांबून गाड्या काढून इथं येता आणि पहिलं हेच विचारता, की बाबा, समोरासमोर बसायला टेबलं का नाहीत. नाहीत. आडवेलीच्या खाडीवरच्या या बारात एकच लांब बाक आहे आणि सगळ्यांनी पलीकडच्या काठाकडं तोंड करून बसायचं. गेल्या महिन्यात एकजण गाडीतली घडीची खुर्ची काढून उलटा बसला. त्याला मी उठवला. पटत नसेल तर हमरस्त्याला दुसरे बार आहेत.

पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. बार इजबेलमाय नावाच्या विधवेचा. काजूची दारू ती स्वतः गाळायची. तिच्या पहिल्या धारेसाठी लोक म्हणे दोन दोन दिवस चालत यायचे. खाडी ओलांडायला एकच होडी, धाकू तांडेलाची. पलीकडच्याला होडी हवी असली की तो काठावर ओला पाला पेटवायचा. धूर दिसला की धाकू निघायचा.

मायची एकुलती लेक फिलू पलीकडं दिलेली. नवरा गलबतावर, घरात म्हातारी सासू तेवढी. फिलूचे दिवस भरत आले होते आणि सुईण या काठाला. कळा सुरू झाल्या की सासूनं धूर करायचा, धाकूनं लेकीला आणायचं, असं ठरलं. आठ दिवस धाकू पेल्याला शिवला नाही. काठावर बसून होता, असं सांगतात.

नवव्या दिवशी सकाळी हंगामातली शेवटची भट्टी लागली. लाकडं ओली, धुरानं डोळे उघडेनात. धार जमली की नाही ते धाकूच्या जिभेनं ठरायचं, ही इथली रीत. मायनं हाक मारली.

"धाकू, हय ये. खाडी खंय पळान जाणा नाय."

"येतंय. पण कप मोठो दी गे."

तो खाडीकडं पाठ करून बसला. दारात गुणाजी म्हणून एकजण पीत होता. तो म्हणाला, "माय, पलीकडे धूर दिसता."

"तो माझ्याच भट्टीचो. वाऱ्यान तकडे गेलो."

गुणाजीनं पेला परत तोंडाला लावला.

तिसऱ्या प्रहरी भट्टी विझली. इकडचा धूर गेला. पलीकडचा राहिला.

धाकूनं होडी कशी हाकली ते त्यालाच ठाऊक. माय पुढं उभी होती. काठावर राखेचा ढीग, सासूचे हात कोपरापर्यंत काळे. फिलू पाण्याकडं तोंड करून गार पडलेली. लेकरू पोटातच गेलं. सासू एवढंच म्हणाली म्हणे, की सकाळपासून पाला घालतेय.

मायनं कुणाला बोल लावला नाही. परत आली, टेबलं आणि खुर्च्या कुऱ्हाडीनं फोडल्या, त्यांच्या फळ्यांचं हे बाक केलं. भट्टी टेकडीच्या मागं नेली, धूर खाडीवर येणार नाही अशी. पुढं वीस वर्षं ती गिऱ्हाइकांकडं पाठ करून उभी राहायची. पेला भरताना खाली बघायची नाही. सांडायची, पण नजर पलीकडं. धाकूनं दारू सोडली. तरी तो रोज बाकाच्या टोकाला येऊन बसायचा. दोघं एकमेकांशी बोलत नसत.

आता पूल आहे, दवाखाना आहे, खिशात फोन आहेत. मला शिकवू नका. आजही चैत्रात पलीकडं कुणी भाताची जमीन भाजायला घेतली की बाकावरचा पहिला बघणारा म्हणतो, "धूर." सगळे पेले खाली. एकजण होडी घेऊन जातो, बघून येतो, मग पुढचा घोट.

आणि "धूर" दोनदा म्हणायचं. पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही तर पुन्हा, मोठ्यानं. गुणाजी एकदाच म्हणाला होता. तो माझा पणजा.

बसा आता. तोंड तिकडं.