बुटुकलीचं पानभर पाणी

एक होती बेडकी. तिचं नाव बुटुकली. तिनं एकदा एक वसा घेतला होता.

अंडी फुटायची होती, तेव्हा ती गणपतीबाप्पाला म्हणाली, "माझी पिल्लं सुखरूप येऊ देत. तुझ्या दूर्वा ज्या हरळीला येतात, तिला मी रोज पानभर पाणी घालीन. मगच मी पाणी पिईन."

पिल्लं आली. इवल्या इवल्या शेपट्यांची. वळवळ वळवळ. केरबाच्या मळ्यात पंपाशेजारी एक डबकं होतं. तिथं ती राहू लागली.

इंजिन पट्टा ओढायचं. पट्टा पुली फिरवायचा. पुली म्हणजे लोखंडी चाक. पुली पंपाचा दांडा फिरवायची. मग पंप पाणी ओकायचा, भळाभळा. डबकं भरायचं.

एका सकाळी काय झालं? खडखड खडखड. घर्रर्र. ठप्प.

पुली ढिली झाली. नुसतीच फिरे, दांडा धरेना.

केरबा आला. पुली आणि दांड्यामधल्या फटीत लाकडाचा कपचा घातला. ठोक ठोक. "झालं काम," म्हणाला आणि गेला.

खडखड खडखड. घर्रर्र. ठप्प.

केरबा पुन्हा आला. नवा कपचा. ठोक ठोक. "झालं काम," म्हणाला आणि गेला.

खडखड खडखड. घर्रर्र. ठप्प.

आता केरबा चहाला गेला, तो गेलाच.

ऊन चढलं. डबकं आटू लागलं. बुटुकली निघाली. टपुक टपुक.

"पंपदादा, पंपदादा,
माझी पिल्लं सुकत चालली.
तू पाणी दे ना."

पंप म्हणाला, "मुठीएवढी तू, आणि मला हुकूम? पुली दांडा धरेना. मी नाही पाणी देत. चल, हो बाजूला."

टपुक टपुक. बुटुकली गेली पुलीकडे.

"पुलीबाई, पुलीबाई,
पंप पाणी देईना,
माझी पिल्लं सुकत चालली.
तू दांडा धर ना."

पुलीनं नाक मुरडलं. "कपच्याच्या जिवावर? मी काय भातुकलीतली आहे? तो कपचा केरबानं आपल्या चुलीत घालावा. मला लोखंडाची पाचर हवी, फटीत घट्ट बसणारी. तोवर मी नाही धरत. चल, हो बाजूला."

टपुक टपुक. बुटुकली गेली नागू लोहाराकडे.

"लोहारदादा, लोहारदादा,
पुली दांडा धरेना,
पंप पाणी देईना,
माझी पिल्लं सुकत चालली.
तू पाचर घड ना."

नागू म्हणाला, "घ्या. आता बेडक्यासुद्धा गिऱ्हाईक झाल्या. अगं, सकाळपासून कोरा चहा पितोय मी. म्हैस दूध देईना. माझा हात चालत नाही. मी नाही पाचर घडत. चल, हो बाजूला."

टपुक टपुक. बुटुकली गेली लोहाराच्या म्हशीकडे.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
लोहार पाचर घडेना,
पुली दांडा धरेना,
पंप पाणी देईना,
माझी पिल्लं सुकत चालली.
तू दूध दे ना."

म्हशीनं शेपटी फटकारली. सप्प. "डोळे बघा हिचे बटाट्याएवढे, आणि मागते काय, तर दूध. माझ्यापुढं वाळका कडबा पडलाय. मला हिरवी हरळी हवी. तोवर मी नाही दूध देत. चल, हो बाजूला."

टपुक टपुक. बुटुकली गेली बांधावर.

"हरळीताई, हरळीताई,
म्हैस दूध देईना,
लोहार पाचर घडेना,
पुली दांडा धरेना,
पंप पाणी देईना,
माझी पिल्लं सुकत चालली.
तू वाढ ना."

हरळी फिसकन हसली. "वाढू? कशावर, उन्हावर? वसा घेतला होतास ना गं? दिवस डोक्यावर आला. माझं पानभर पाणी कुठंय? तोंडानं काय, वसा कुणीही घेतं."

बुटुकलीनं मान खाली घातली. खरंच की. आज पाणी घालायचं राहिलं होतं.

ती डबक्याशी आली. डबक्यात पाणी उरलं होतं एवढंसं.

तिनं एक पान घेतलं. पानात पाणी भरलं.

पंप म्हणाला, "वेडी का काय? उरलंय तेवढंही उधळतेस?"

पुली म्हणाली, "पोरांच्या तोंडचं पाणी गवताला. काय ही अक्कल."

बुटुकली म्हणाली, "बाप्पाला कबूल केलंय मी. पिल्लांनो, जरा दाटीनं बसा. आई आलीच."

ती स्वतः एक थेंबही प्यायली नाही. पान सावरत गेली, हळू हळू. हरळीवर पाणी घातलं. टिप टिप टिप.

हरळी हसायची थांबली. "आणलंस होय गं? अशा दिवशीसुद्धा?"

आणि हरळी वाढली. लवलव लवलव.

हरळी म्हशीनं खाल्ली. करकर करकर.
म्हशीनं दूध दिलं. चुळ्ळ चुळ्ळ.
लोहारानं दुधाचा चहा घेतला. फुर्र फुर्र.
लोहारानं पाचर घडली. ठण् ठण्. कानशीनं घासली. खर्र खर्र. मळ्यात येऊन पुलीच्या फटीत ठोकली. ठक्क. हलवून बघितली. हलेना.
पुलीनं दांडा धरला. गरगर गरगर.
पंपानं पाणी दिलं. भळाभळा भळाभळा.

डबकं भरलं. पिल्लं पसरली. वळवळ वळवळ.

पंप म्हणाला, "बुटुकले, हो बाजूला. भिजशील."

"भिजायलाच तर आलेय," बुटुकली म्हणाली. आणि मग ती पाणी प्यायली. गट गट गट.

तेवढ्यात केरबा आला. हातात तिसरा कपचा. पंप बघतो तर चालू. म्हणाला, "बघितलंस, नागू? म्हटलं होतं ना, झालं काम."

नागू म्हणाला, "तर काय. तुझाच कपचा तो. लोखंडाचा झालाय, इतकंच."

बुटुकलीला वसा फळला. आता बाळांनो, तुम्हीपण एक करा. उद्या सकाळी उठाल, पाणी मागाल. आधी दारातल्या रोपाला वाटीभर पाणी घाला. टिप टिप टिप. मग तुम्ही प्या. गट गट गट.