छातीवरची कडी

फार फार पूर्वी, म्हणजे डोंगर फोडून सडका कराव्यात हे अजून कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं तेव्हा, एका राज्याच्या दोन तुकड्यांमध्ये एक घाट होता. वर्षातले चार महिने त्या घाटात असं धुकं उतरायचं की स्वतःच्या हाताची बोटं दिसत नसत. वाट दीड हात रुंद. उजवीकडे कातळ, डावीकडे दरी. दरी किती खोल आहे हे सांगायला कोणी परत आलेलं नव्हतं.

घाटाच्या तोंडाशी वाटाड्यांची एक वाडी होती. लोकांना घाट पार करून देणं हे वाडीचं काम, आणि हे काम ती कुत्र्यांच्या जिवावर करायची. कुत्र्याच्या गळ्यात सात हात लांब दोर बांधायचा, दोराचं दुसरं टोक वाटाड्याच्या कमरेला. वाटाड्याच्या कमरबंदाचा शेव, म्हणजे सुटं टोक, मागून येणाऱ्या पाहुण्याच्या हातात. कुत्रा सगळ्यांच्या पुढे, आणि सारखा ओढत. न ओढणारं पिल्लू त्या वाडीत कोणी पाळतच नसे.

कारण दर पावसात दरड कुठे ना कुठे सुटायची. काल होती ती वाट आज नसायची, आणि धुक्यात हे कळायचं फक्त कुत्र्याच्या नाकाला आणि पंजांना. म्हणून वाडीतल्या पोरांना चालता येऊ लागलं की पहिली गोष्ट शिकवत ती हीच. दोर ताठ तोवर पाऊल टाक. दोर ढिला पडला की आहेस तिथे उभा राहा. दोर ज्या बाजूला ओढेल त्या बाजूला जा, मग ती बाजू तुला पटो न पटो.

त्या वाडीत एक वाटाड्या होता. त्याच्या कुत्र्याचं नाव गोंड्या. शेपटीच्या टोकाला पांढरा गोंडा होता म्हणून. असा ओढणारा कुत्रा वाडीनं पाहिला नव्हता. त्याच्यामागून चालून चालून वाटाड्याच्या कमरेला घट्टा पडला होता. पण आठ वर्षांत त्या दोघांच्या हातून एकही माणूस दरीत गेला नव्हता, आणि वाटाड्याची बायको दर संध्याकाळी पहिली भाकरी गोंड्याला घालायची, दुसरी नवऱ्याला. नवरा हसून खायचा. तेव्हा हसायचा.

पलीकडच्या पायथ्याला एक रीत होती. सुखरूप उतरलेला पाहुणा वाटाड्याच्या खांद्यावर शेला घालायचा. एकदा एक सरदार घाट उतरला. खाली पेठेत बाजार भरला होता. गोंड्या तिथेही ओढतच होता. बिचाऱ्याला सपाटी आणि घाट यांतला फरक कोण सांगणार? त्यानं वाटाड्याला भाजीच्या पाट्यांमधून, बायकांच्या घोळक्यातून, अगदी फरफटत नेलं. एका चिखलात वाटाड्याचा पाय घसरला आणि तो गुडघ्यांवर आला.

सरदार घोड्यावर बसता बसता म्हणाला, "अरे, तू कुत्र्याला फिरवतोस की कुत्रा तुला?"

"सरकार, घाटातला कुत्रा आहे. ओढणारच."

"मग वाट त्यानं दाखवली म्हण की." असं म्हणून सरदारानं शेला उलगडला आणि कुत्र्याच्या पाठीवर घातला. सगळा बाजार पोट धरून हसला.

खरं सांगायचं तर सरदार थट्टेत का होईना, बरोबर बोलला होता. शेला ज्याचा होता त्यालाच मिळाला. पण माणसाला हरलेलं चालतं, हसं झालेलं चालत नाही. वाटाड्या घरी आला, आणि त्या दिवशी पहिली भाकरी कुत्र्याला पडताना पाहून त्यानं ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी तो खोगीर शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला. पंचक्रोशीत चामड्याचं काम त्याच्याइतकं कोणाला येत नसे.

"बाबा, माझा कुत्रा ओढायचा थांबला पाहिजे. मारून पाहिलं. काठीला दाद देत नाही."

"मारू नकोस," म्हातारा म्हणाला. "त्यात त्याचा दोष नाही. गळ्यात दोर असला की कुत्रा छातीनं जोर लावतो. गळा आवळतो, खोकतो, पण थांबत नाही. मी तुला छातीपट्टा करून देतो. एक पट्टा छातीवरून, एक पुढच्या पायांमागून, आणि दोराची कडी बरोबर छातीच्या मधोमध. त्यानं ओढ घेतली रे घेतली की त्याचं अंग आपोआप वळतं आणि तोंड तुझ्याकडे होतं. दुखत नाही, खुपत नाही. फक्त जिकडे जायचं तिकडे त्याला जाता येत नाही."

"असाच पाहिजे."

म्हाताऱ्यानं पट्टा शिवला, आतून मऊ लोकर लावली, आणि हातात देताना म्हणाला, "बाजारात घाल, जत्रेत घाल. घाटाच्या तोंडाशी काढून ठेवायचा."

"का?"

"घाटात त्यानं तुझ्याकडे वळून काय पाहायचं? तुला काय दिसतं तिथे?"

वाटाड्याचं तोंड आंबट झालं. जो तो आपला कुत्र्याची बाजू घेतो, असं त्याला वाटलं. त्यानं पट्टा उचलला आणि तो चालता झाला.

पट्ट्यानं आपलं काम चोख केलं. गोंड्यानं ओढ घेतली की तो गर्रकन वळून धन्यासमोर यायचा. वळला की धनी म्हणायचा, "शाबास," आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. पुन्हा ओढ, पुन्हा वळण, पुन्हा तुकडा. पंधरा दिवसांत गोंड्या डाव्या गुडघ्याला खेटून चालायला लागला. दोर मध्ये झोळीसारखा लोंबायचा. एक पाऊल टाकायचा आणि वर धन्याच्या तोंडाकडे बघायचा, बरं चाललंय ना म्हणून.

वाडी पाहतच राहिली. लोक म्हणू लागले, "काय वळण लावलंय कुत्र्याला!" ज्यांनी उभ्या जन्मात ओढणाऱ्या कुत्र्याशिवाय दुसरं काही पाळलं नव्हतं, तेही कौतुक करू लागले. माणसाचं डोकं असंच चालतं. पोट कशावर भरतं ते विसरायला त्याला पंधरवडा पुरतो.

उन्हाळा होता. घाट लख्ख होता. वाटाड्या पट्टा घातलेला गोंड्या घेऊन रोज घाट पार करू लागला. पाहुणे त्याच्या खांद्यावर शेले घालू लागले आणि म्हणू लागले, वाटाड्या असावा तर असा. तो वाट दाखवतो, कुत्रा मुकाट मागे येतो.

बायको मात्र खूश नव्हती. मृगाचा वारा सुटला तशी ती म्हणाली, "अहो, आता तरी तो पट्टा काढा."

"का? काय वाईट झालं त्यानं?"

"वाईट व्हायला अजून धुकं कुठे आलंय?"

"वीस वर्षं या वाटेनं चालतोय मी. डोळे बांधून चालेन."

"चाललात ते त्यांच्या मागे चाललात," ती म्हणाली. "आधीचे दोन कुत्रे आणि हा तिसरा. तुमचे पाय वाट शिकले असं तुम्हाला वाटतं. पाय फक्त दोराच्या मागे जायला शिकलेत."

तो चिडला. बाजारात सरदारानं मारलेला टोमणा घरात बायकोच्या तोंडून ऐकावा लागला, म्हणून जास्तच चिडला. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

मग पाऊस आला, आणि पावसामागून धुकं आलं. तीन दिवस वाडीतून कोणी निघालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी पलीकडून निरोप आला, तोही पहाटे निघालेल्या दुसऱ्या एका वाटाड्याबरोबर. बायकोची आई शेवटच्या घटका मोजत होती आणि लेकीचं नाव घेत होती.

"मला आत्ता न्या," बायको म्हणाली.

ते निघाले. घाटाच्या तोंडाशी ती थांबली. गोंड्याच्या छातीवरच्या कडीला हात लावून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. तिथे दगडावर शेजारचे दोघे वाटाडे बसले होते आणि पाहत होते. त्यांच्यादेखत पट्टा काढायचा म्हणजे बायकोपुढे हार खाल्ल्यासारखं झालं असतं.

"चल," तो म्हणाला.

तिनं त्याच्या कमरबंदाचा शेव मुठीत धरला. आईसाठी धरला, नाहीतर ती वाटाड्याची बायको होती, तिला कळत नव्हतं असं नाही.

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक होतं. मग एका वळणावर गोंड्या थबकला. पुढून ओल्या, नुकत्याच फुटलेल्या मातीचा वास येत होता. पहाटे तो दुसरा वाटाड्या गेला तेव्हा तिथे वाट होती, आता नव्हती. वर पातळ कपचा उरला होता, खाली पोकळ. गोंड्यानं जिवाच्या आकांतानं उजवीकडे, कातळाकडे ओढ घेतली. कडीनं त्याला गर्रकन फिरवलं आणि तो धन्यासमोर आला.

"शाबास," धनी सवयीनं म्हणाला.

गोंड्यानं पुन्हा ओढ घेतली. पुन्हा फिरला. धन्याचा हात कमरेच्या पिशवीत गेला आणि भाकरीचा तुकडा बाहेर आला. गोंड्यानं तो तोंडात घेतला नाही. तो तुकडा वाटेवर पडला.

तुम्ही म्हणाल, गोष्टीतला कुत्रा आहे, गोष्टीतले प्राणी तर बोलतात, मग हा बोलला का नाही? अहो, बोलत होता. आठ वर्षं तो दोरानं बोलत होता आणि त्याची जीभ त्याच्या धन्यानंच बांधून टाकली होती.

"दोर ताठ आहे का?" मागून बायकोनं विचारलं.

"मी आहे ना. दोराचं काय घेऊन बसलीस?"

गोंड्यानं तिसऱ्यांदा ओढ घेतली नाही. तो गुडघ्याला खेटून उभा राहिला आणि वर धन्याच्या तोंडाकडे बघू लागला. वाटाड्यानं पाऊल टाकलं, गोंड्या मागे कातळाशी तसाच राहिला. कपच्यानं त्याचं एक पाऊल सोसलं, दुसरं सोसलं, आणि बायकोचा पाय पडला तसा तो सगळाच खाली गेला.

कमरेच्या दोराला हिसका बसला. वर गोंड्यानं चारी पाय कातळात रोवले होते. गळ्याला दोर असता तर तो घुसमटून मेला असता. छातीपट्ट्यामुळे त्याला तो भार पेलता आला. वाटाड्या दोर धरून, खरचटत, रडत वर आला. कमरबंद त्याच्या अंगावर नव्हता. बायकोच्या मुठीत होता, आणि ती दरीत होती.

तो तिथे दुपारपर्यंत हाका मारत बसला. उत्तर आलं नाही. पलीकडे म्हातारी लेकीची वाट पाहून संध्याकाळी गेली.

वाडी जमली. कोणीतरी दोषी हवा असतो, आणि जो बोलत नाही तो नेहमी हाताशी असतो. वाडी म्हणाली, "कुत्रा नासला. पुढचं कळलं नाही त्याला. असला कुत्रा वाडीत नको." ज्यांनी वळण लावलं म्हणून पाठ थोपटली होती तेच हे बोलत होते. सगळ्यांनी वाटाड्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात एक वाक्य होतं, आणि ते बोलायला दरीत उडी मारण्याइतकं बळ लागलं असतं. त्यानं मान खाली घातली. होकाराची मान हलवली असंच सगळ्यांनी धरलं.

फक्त खोगीर शिवणारा म्हातारा उठला आणि म्हणाला, "कुत्र्यानं नक्की सांगितलं असणार, एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा का नाही सांगितलं ते याला विचारा. आणि सांगून सवरूनही पट्टा ज्यानं शिवून दिला, त्या मलाही विचारा." त्याला कोणी काही विचारलं नाही.

ठरल्याप्रमाणे वाटाड्या गोंड्याला वाडीबाहेर सोडायला निघाला. घाटाच्या तोंडाशी त्यानं पट्टा काढला आणि दरीत फेकला. खांद्यावरचा जुना दोर काढून कुत्र्याच्या गळ्यात बांधला, टोक आपल्या कमरेला बांधलं आणि तो धुक्याकडे तोंड करून उभा राहिला.

"ओढ," तो म्हणाला.

गोंड्या त्याच्या डाव्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला.

"ओढ रे. मला तिच्याकडे ने. कुठेही ने, पण ओढ."

गोंड्यानं वर मान केली आणि धन्याच्या तोंडाकडे पाहिलं. काही चुकलं का, असं विचारल्यासारखं पाहिलं. वाटाड्यानं दोराला झटका दिला, पाया पडला, रडला. कुत्रा एक पाऊलही पुढे गेला नाही. त्याला जे शिकवलं होतं ते तो नीट शिकला होता.

त्यानंतर त्या वाटाड्यानं कोणालाही घाट पार करून दिला नाही. धुकं उतरलं की तो आणि कुत्रा घाटाच्या तोंडाशी उभे असलेले लोकांना दिसत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, आणि दोघांनाही पुढची वाट माहीत नसे.

तात्पर्य: ज्याच्या ओढीवर आपला जीव तगून आहे, त्याला आपल्या तोंडाकडे बघत चालायला शिकवू नये.