छताला जागा झाली

एका लांबच्या मुलखात, जिथं हिवाळ्यात नदीसुद्धा गोठते, एक गवंडी होता. नाव बार्थोलो. भिंती बांधणं हे त्याचं काम नव्हतं. ओल्या चुन्याची फुलं, वेली, शिंपले आणि पंखवाली गुबगुबीत पोरं करायची आणि त्यांना सोनेरी रंग द्यायचा, हे त्याचं काम. त्या काळी तिकडं सगळ्यांनाच हे वेड होतं. आरशाला वेल, खुर्चीच्या पायाला वेल. देवळात तर इतक्या वेली की देव शोधावा लागे.

राजाच्या नाचाच्या दिवाणखान्याचं छत बार्थोलोनं केलं होतं. त्यावर त्याचं नाव झालं. लांबून लोक येत आणि मान दुखेपर्यंत वर बघत.

त्या नगरात एक रीत होती. छताला तडा गेला तर कुणी तडा म्हणत नसे. ते अशुभ. म्हणायचं, "छताला जागा झाली." म्हणजे नव्या फुलाला जागा झाली. मग बार्थोलोला बोलावणं जाई. तो तड्यावर एक वेल चढवी, नाहीतर एक पंखवालं पोर बसवी. राजा खूश, लोक खूश. तडे वाढत गेले तशी शोभा वाढत गेली. एवढ्यावरून कुणालाही कळायला हवं होतं. पण सगळं छान दिसत असताना डोकं कोण चालवतो.

राजकन्येचं लग्न ठरलं. दिवाणखान्यात अख्खं नगर नाचणार होतं. लग्न आठवड्यावर आलं आणि छताच्या मधोमध जागा झाली. चांगली हातभर लांब.

राजा म्हणाला, "बार्थोलो, इथं मोठा गरुड बसव. पाहुणे बघत राहिले पाहिजेत."

बार्थोलो घरी आला आणि चुना मळायला बसला. त्याची बायको ऊर्सुला दारात वाटाणे सोलत होती.

"पुन्हा तिथंच?" तिनं विचारलं.

"तिथंच. जागा झाली आहे."

"उद्यापासून मी तुमच्या डोक्यावर रोज एक टोपी चढवते. आदली न काढता. मान मोडली की म्हणेन, आमच्या ह्यांच्या मानेला जागा झाली."

"तुला छतातलं काय कळतं?"

"टोप्यांतलं कळतं," ती म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली.

बार्थोलो चिडून दिवाणखान्यात गेला. गरुड बसवायचा तर आधीचं एक पोर काढणं भाग होतं. शिडीवर चढून त्यानं ते उपटलं. ते इतकं जड होतं की तोच खाली येता येता वाचला. पोराच्या मागं जुनी वेल होती. वेलीच्या मागं जुना तडा. त्याच्या मागं छत पेलणारी तुळई. तिला वाळवी नव्हती, ती कुजली नव्हती. नुसती ओझ्यानं वाकली होती, आणि ओझं त्याचंच होतं.

तो शिडीवरच बसून राहिला. गरुड बसवला तर लग्न कदाचित पार पडेल. कदाचित नगर छताखाली चिरडलं जाईल. खरं सांगितलं तर नाव जाईल. दुसरं त्याच्याजवळ काही नव्हतं.

मग तो राजाकडे गेला.

"महाराज, छताला तडा गेला आहे."

दरबाऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

"तुला जागा म्हणायचं असेल," राजा म्हणाला.

"नाही महाराज, तडा. आणि तो मी पाडला. सगळी नक्षी उतरवावी लागेल."

"अरे, ते तुझं उभ्या आयुष्याचं काम आहे."

"म्हणूनच ते जड आहे."

राजा काही फार शहाणा नव्हता. पण छताखाली त्याची मुलगी नाचणार होती. त्यानं मान हलवली.

लग्न पुढं ढकललं. नवरदेव रुसला. बार्थोलोनं स्वतः हातोडा घेतला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फुलं, वेली, पोरं गाड्यांत भरून खड्ड्यात गेली. आता तुळईला आधार हवा होता. नगराबाहेर फार जुन्या लोकांच्या देवळाचे खांब उभे होते. गुराखी त्यांना शेळ्या बांधत. लहानपणी बार्थोलो त्या खांबांना हसायचा, म्हणायचा, यांची नक्षी करायची राहून गेली. आता त्यानं एका खांबाला हात लावून पाहिलं. खाली जाड, वर निमुळता, सरळ. भार कुठून कुठं जातो ते उघड दिसत होतं. त्यानं तसेच दगडी खांब दिवाणखान्यात उभे केले आणि छत कोरं ठेवलं.

लग्नाला लोक आले, सवयीनं वर बघितलं. वर काही नव्हतं.

"कारागीर पळून गेला वाटतं," एक बाई म्हणाली.

मग नाच सुरू झाला. वर बघायला काही नसल्यानं लोकांनी एकमेकांकडे बघितलं. छत जागचं हललं नाही.

पुढं देशभर तीच टूम निघाली. सरळ रेघा, कोऱ्या भिंती, साधे खांब. फ्लोरियान नावाच्या व्यापाऱ्यानं दारापुढं असे खांब लावले आणि म्हाताऱ्या बार्थोलोला कौतुकानं बोलावलं. बार्थोलोनं खांबाला काठी ठोकली. आवाज पोकळ आला. लाकडी फळ्या होत्या, वर दगडाचा रंग.

"कसे आहेत खांब?" फ्लोरियाननं विचारलं.

"छान," बार्थोलो म्हणाला. "आत जागा बरीच आहे."

तात्पर्य: तड्याला तडा म्हणावं, आणि ओझं आपलं असेल तर ते आपणच उतरवावं. नुसता दिसण्यापुरता साधेपणा आणला तर तोही नक्षीच.